आज्जीचं नाव टाकायचं का?

पुतणीच्या बारशाची तयारी चालली होती आणि घरच्या ग्रुपवर तो संदेश येऊन पडला. बेळगाव-खानापूर भागात बऱ्याच जणांनी वाचला असेल. त्याचं म्हणणं असं: रेणुका म्हणजे रेणूंची देवी, यावरून ऋषींना रेणुविज्ञान ठाऊक होतं, यल्लम्मा ही कानड्यांची वेगळी देवी, मराठी घरात ते नाव नको, आणि हे नाव देवाला सोडलेल्या मुलींचंच असतं. आम्ही बाळाला आज्जीचं, यल्लुबाईचं, नाव ठेवणार होतो. वाचून वहिनी गप्पच झाली.

आधी रेणू. संस्कृतात रेणू म्हणजे धूळ, बारीक कण, फुलातला पराग. विज्ञानाच्या पुस्तकातला रेणू हा अलीकडे परिभाषा करणाऱ्यांनी ठरवलेला अर्थ. हिंदी पुस्तक उघडून बघा: आपल्या रेणूला तिथं अणु म्हणतात आणि आपल्या अणूला परमाणु. ऋषींनीच शब्द नेमून दिला असता तर असं झालं नसतं. आणि धुळीत कमीपणा कसला? ओल्या वाळूचा घडा वळून त्यातून नदीचं पाणी आणणारी रेणुका आपण लहानपणापासून ऐकत आलो. यल्लम्माचं देऊळ आहे त्या सौंदत्तीकडं ती नदी म्हणजे मलप्रभा.

दुसरा मुद्दा मला जास्त लागला. सौंदत्तीच्या डोंगरावरची यल्लम्मा हीच जमदग्नींची पत्नी, परशुरामाची आई रेणुका. माहूरलाही हीच कथा सांगतात. कन्नडमध्ये एल्ला म्हणजे सगळे, अम्मा म्हणजे आई. सगळ्यांची आई, असाच अर्थ लोक सांगतात. कन्नडात शब्दाच्या सुरुवातीचा ए बोलताना ये होतो, तिथून आपल्याकडं य आला. अम्माच्या जागी इकडं अव्वाही म्हणतात, म्हणून यल्लव्वा. कानडी म्हणून हे नाव टाकायचं तर घरातले अक्का, अण्णा कुठं ठेवायचे? तेही कन्नडातूनच आलेत. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला कोल्हापूरहून गाड्या भरभरून माणसं सौंदत्तीला जातात, भंडाऱ्यानं माखून परततात. त्यांना कुणी भाषा विचारत नाही.

तिसरं बोलणं सरळ खोटं आहे. मुली सोडण्याची चाल होती, तिनं कितीतरी बायकांच्या आयुष्याची माती केली, हे नाकारायचं नाही. कर्नाटकात त्याविरुद्ध १९८२ चा कायदा झाला. पण ती चाल वेगळी आणि नाव वेगळं. आमच्या भागात गावोगाव यल्लप्पा आहेत, ते कुणाला सोडलेले आहेत? आज्जीचं लग्न झालं, पाच पोरं झाली, तिनं ऊस-भाताची शेती केली. ज्यांना खरंच सोडलं गेलं त्यांच्या नावालाही डाग कशाला मानायचा? अन्याय करणारे दुसरेच होते.

आज्जीचं जुनं रेशनकार्ड मी काल पेटीतून काढलं. त्यावर कन्नड अक्षरात यल्लव्वा आहे. तिच्या मराठी शाळेच्या दाखल्यावर यल्लुबाई. दोन्ही कागद वहिनीपुढं ठेवले. तिनं ते बराच वेळ हातात धरले, मग विचारलं, "पाळण्यावर कुठलं लिहू या?"