चॉकलेटच्या गावी जाणाऱ्यांसाठी काही सूचना

मुलगा अमेरिकेत असेल, तर नायगारा उरकल्यावर तुम्हाला पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला नेणार, हे धरून चाला. आढेवेढे घेऊ नका. मुंबईतल्या सोसायटीत नायगाऱ्याला आता कुत्रंही विचारत नाही; चौथ्या मजल्यावरचे दोनदा भिजून आलेत.

तिथे पोचल्यावर चॉकलेट शोधत बसू नका. हर्शीपार्क मुख्यतः रोलर कोस्टरसाठी आहे. मिल्टन हर्शी या चॉकलेटच्या कारखानदाराने १९०६ साली तो आपल्या कामगारांच्या विरंगुळ्यासाठी काढला. (आपल्या गिरण्यांच्या जागीही मॉल आलेच की. कामगार तेवढे राहिले नाहीत.) मुख्य रस्त्याचं नाव चॉकलेट अव्हेन्यू, त्यावरचे दिवे ‘किसेस’च्या, म्हणजे हर्शीच्या छोट्या टोकदार चॉकलेटांच्या आकाराचे, काही वेष्टणासकट, काही वेष्टणाशिवाय. दोन्हींखाली वेगवेगळे फोटो काढा, ग्रुपवर एकेक करून टाका.

पार्कात उंची मोजतात आणि उंचीप्रमाणे एकेका गोळी-चॉकलेटचं नाव चिकटवतात. चार फूट दहा इंचांच्या आजी तिथे ‘ट्विझलर’. साठीनंतर नवं नाव मिळतंय, मिरवून घ्या. मात्र एवढ्या उंचीला मोठे कोस्टरही चालतात, तेव्हा सूनबाई हात धरायच्या आत गुडघे दुखायला लागले पाहिजेत.

खरा माल शेजारच्या चॉकलेट वर्ल्डमध्ये. कारखाना बघायला येणारी गर्दी आवरेना, म्हणून १९७३ साली त्यांनी नकली कारखाना उभारला आणि पुढे आत गाणाऱ्या गाई ठेवल्या. ती फेरी फुकट. फिरत्या चकतीवरून चालत्या डब्यात चढायचं असतं. परदेशी मंडळी तिथे बिचकतात. दादरला विरारची गाडी पकडलेल्या माणसाने मात्र उगाच कोपर वापरू नये, जागा सगळ्यांना मिळते. बाहेर पडताना हातावर एक चॉकलेट ठेवतात. ते पर्समध्ये टाका आणि पुन्हा रांगेत उभे राहा. गाई तेच गाणं म्हणतील, चालायचंच.

आता वाटप. हेच खरं काम. तेवीस किलोंच्या बॅगेत भाजणीने रिकामी केलेली जागा चॉकलेटने भरा. पण कोकोचं लोणी चौतीस अंशांच्या आसपास वितळतं आणि आपण उतरतो मे महिन्यात. घरी आल्याआल्या सगळं फ्रिजमध्ये, चिरलेल्या कांद्याच्या डब्याशेजारी कोंबा. पुन्हा घट्ट झालं की वर पांढुरका थर येतो. ती बुरशी नव्हे, वर आलेली चरबी. खायला हरकत नाही. पण समोरच्या काकूंना हे शास्त्र सांगू नका. ‘तिकडे असंच मिळतं’ म्हणा. चव किंचित आंबूस लागली तरी हेच उत्तर. तिकडच्या हर्शीची चव बऱ्याच जणांना तशीच लागते, म्हणजे यात तुम्ही चक्क खरं बोलताय.

दर घरी दोन. व्याह्यांकडे पाकीट. वॉचमनला एक, तेही लिफ्टमध्ये कुणीतरी बघत असताना.

आणि कमी पडलीच, तर घाबरू नका. किसेस २०१८पासून भारतातही मिळतात. नाक्यावरच्या दुकानातून आणा, पाकिटावरचा रुपयांचा आकडा असलेला तुकडा कापा आणि वाटप चालू ठेवा. फक्त ही चांगली लागली, असं काकू म्हणाल्या तर विषय बदला.