कृषी विद्यार्थ्यांना शेतीपासून सुखरूप परत कसे आणावे

शेतीशिक्षण घेणाऱ्या मुलांना मुक्कामी परिषदेला न्यायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. या मुलांना शेतीची गोडी मुळातच असते आणि दोन दिवसांत ती घालवणं वाटतं तितकं सोपं नाही. त्याला नियोजन लागतं.

सुरुवात वेळापत्रकापासून करा. सात वाजता नाश्ता, साडेसातला नोंदणी, आठला उद्घाटन; मग नमनाला घडाभर तेल ओतून झालं की 'शाश्वत शेतीपुढील आव्हाने' या विषयावर ओळीने सहा भाषणं. सभागृह बिनखिडक्यांचं बघा. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे शेतीच्या विद्यार्थ्याला कळता कामा नये. भाषणात माती आलेली चालेल, सभागृहात नको.

एखादा उत्साही शिक्षक म्हणेल, 'मुलांना मूठभर माती भिजवून अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबत तिची पट्टी काढायला लावू.' या माणसापासून जपून राहा. वाळूची पट्टी निघतच नाही, पोयट्याची इंचभर व्हायच्या आत तुटते आणि चिकणमातीची ५ सेंटिमीटरच्या पुढे जाऊन लोंबत राहते, हे मुलं पाच मिनिटांत स्वतःच्या बोटांनी शिकून मोकळी होतील. मग जमिनीच्या पोतावरच्या स्लाइड्स दाखवायच्या कुणाला? शिवाय हात बरबटले की ग्रुप फोटो बिघडतो.

शेतभेट टाळताच येत नसेल, तर दुग्धव्यवसाय निवडा आणि भर दुपारी जा. धारा सहसा सकाळ-संध्याकाळ काढतात, त्यामुळे दुपारी मिल्किंग पार्लर धुऊन पुसून रिकामं मिळतं, गाई रवंथ करत बसलेल्या असतात आणि ज्याला काही विचारावं तो माणूस झोपलेला असतो. एका दिवसात दोन-तीन गोठे उरकावेत, बूट तेच. गोठ्याच्या दारात जंतुनाशकाचं टब असतं, त्यात शेणाने माखलेला बूट तसाच बुडवून पुढे सटकायचं. आधी ब्रशने शेण काढा, नाहीतर औषध त्या शेणातच खर्ची पडतं, असं गोठेवाला सांगेल. त्याच्याकडे बघून नुसतं हसावं. ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ-खुरकुताच्या साथीत ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली, हे तुम्ही संध्याकाळच्या सत्रात सांगणारच आहात. त्याच बुटांत उभं राहून.

मुलांवर जबाबदारी मात्र टाकू नका. अमेरिकेतल्या नॅशनल एफएफए या शेतीशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या अधिवेशनात म्हणे विद्यार्थी पदाधिकारीच व्यासपीठावरून सभा चालवतात आणि विद्यार्थी प्रतिनिधीच मतदान करतात. मग प्रमुख पाहुण्यांनी बसायचं कुठे?

आता रात्र. खोल्या हजेरीपटाच्या क्रमाने वाटा, म्हणजे वर्गात शेजारी बसणारे इथेही शेजारीच झोपतील. वेगवेगळ्या भागांतली मुलं एका खोलीत आली, की तुमच्याकडे पाणी कसं देता, वासरू गाईपासून कधी तोडता, असलं काहीबाही विचारत जागी राहतात. जागरणाचा मक्ता आयोजकांचा आहे. १३ ते १८ वयाच्या मुलांना चोवीस तासांत ८ ते १० तास झोप हवी, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन सांगते. तुमच्या वेळापत्रकात जेमतेम पाच बसतात. बाकीची झोप मुलं सभागृहात भरून काढतात. खुर्च्या मऊ असाव्यात त्या त्यासाठीच.

झोपायच्या वेळी प्रत्येक दारावर चिकटपट्टी लावा आणि सकाळी ती फाटलेली दिसली की चौकशी बसवा. दमा कुणाला, ॲलर्जी कशाची, औषध कुणाच्या बॅगेत, ही यादी मात्र कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद असू द्या. (सुक्या चाऱ्याच्या धुळीने दमा चाळवतो, हे खरं तर माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर यायला हवं. पण तिथे प्रायोजकांचे लोगो असतात.) 'बैल गेला नि झोपा केला' ही म्हण शेतकऱ्यांनीच दिली, मुलांना तिचं प्रात्यक्षिक नको का?

परिषदेला निघायच्या आदल्या दिवशीच अहवाल लिहून ठेवावा. 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला' हे वाक्य घालून तारखेची जागा कोरी सोडली की झालं. अभिप्रायाचे फॉर्म जातानाच बसमध्ये भरून घ्या, परतताना पोरं पेंगतात. 'उत्तम' आणि 'अतिउत्तम' असे दोनच पर्याय द्या, सूचनांसाठी अर्धी ओळ पुरे. तेवढ्यातही कुणी बारीक अक्षरात 'धार काढताना कधी बघायची?' असं खरडलंच, तर तो फॉर्म गठ्ठ्यात अगदी तळाशी घाला आणि त्या मुलाला पुढच्या वेळी स्वागत समितीत घ्या.