नदालचे दंड बघून झाले असतील, तर जरा डाव्या पायाकडे बघू

राफाएल नदाल निवृत्त झाला तेव्हा जे काही लिहिलं गेलं त्यात 'लढवय्या' हा शब्द इतक्यांदा आला, की हा माणूस टेनिस खेळायचा की कुस्ती असा प्रश्न पडावा. बिनबाह्यांचा शर्ट, फुगलेले दंड, हरलेल्या चेंडूमागेही धावणं, सगळं कबूल. पण जिद्द पहिल्या शंभरातल्या प्रत्येकाकडे असते, त्याशिवाय तिथवर कोणी पोचतच नाही. नदालची कारकीर्द समजून घ्यायची तर सुरुवात डाव्या पायापासून करावी, असं माझं ठाम मत आहे. एकोणिसाव्या वर्षी त्या पायाने दगा दिला. त्यानंतर तो पायाला सांभाळत खेळला, आणि सांभाळता सांभाळता त्याचा खेळही बदलत गेला.

२००५ साल आठवा. मायोर्का बेटावरच्या मानाकोरचा हा मुलगा पहिल्यांदाच फ्रेंच ओपन खेळला आणि जिंकला. त्या वर्षी एकूण ११ विजेतेपदं. ऑक्टोबरमध्ये माद्रिदच्या अंतिम सामन्यात इव्हान ल्युबिचिचविरुद्ध पहिले दोन सेट गेले, तरी पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये सामना काढला. आणि मग डावा पाय टेकवेना. २००६ ची ऑस्ट्रेलियन ओपन त्यातच गेली.

निदान झालं म्युलर-वाइस सिंड्रोमचं. घोट्याच्या पुढे, पावलाच्या आतल्या बाजूला नावेच्या आकाराचं एक छोटं हाड असतं. धावताना वजन टाचेकडून चवड्याकडे सरकतं, तेव्हा पावलाच्या कमानीचा भार या हाडावर येतो. या आजारात ते झिजतं, चपटं होतं, त्याचे तुकडेही पडू शकतात. पूर्ण बरं करणारा उपाय नाही. पाय जमिनीला लावायची बंदी होती त्या दिवसांत नदाल कोर्टवर खुर्ची टाकून, बसल्या बसल्या चेंडू मारायचा.

तोडगा निघाला तो बुटातल्या खास इनसोलचा. इनसोलने कमानीला आधार मिळाला, दुखऱ्या हाडावरचा ताण हलका झाला. पण भार हलवला म्हणून नाहीसा होत नाही. तळव्याचा कोन बदलला की नडगीचा बदलतो, नडगीचा बदलला की गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधावर वेगळा ताण येतो. पाय वाचला आणि बिल गुडघ्यांच्या नावावर फाटलं. २००९ मध्ये दोन्ही गुडघ्यांच्या दुखण्यामुळे गतविजेता असूनही त्याला विम्बल्डन सोडावी लागली. २०१२ मध्ये विम्बल्डनच्या दुसऱ्या फेरीत लुकाश रोसोलकडून हरल्यावर तो जवळपास सात महिने कोर्टवर दिसला नाही. परतला आणि २०१३ मध्ये फ्रेंच आणि यूएस ओपन धरून दहा स्पर्धा जिंकला, हा भाग सगळ्यांना पाठ असतो. त्याआधीचे सात महिने कोणाला आठवत नाहीत.

आता त्याच्या फोरहँडबद्दल, कारण 'ताकद' हा शब्द सगळ्यात जास्त तिथेच वापरला जातो. ताकद होतीच, पण खरी करामत रॅकेट कोणत्या वाटेने जाते यात होती. रॅकेट चेंडूच्या बरीच खाली न्यायची, जवळजवळ उभी वर खेचायची आणि फटका संपताना हात डोक्यावरून मागे फिरवायचा. रॅकेटचं डोकं १०० चौरस इंचांचं, मूठ त्याच्या अंगापिंडाच्या मानाने बारीक. गटिंग पॉलिस्टरचं, १.३५ मिलिमीटरच्या जाड तारेचं, ताण साधारण २५ किलो. या तारा गुळगुळीत आणि ताठ असतात. चेंडू लागला की उभ्या तारा बाजूला सरकतात आणि चेंडू सुटायच्या आत झटक्याने जागेवर येतात, त्यातून जास्तीची फिरकी मिळते. वेगवान कॅमेऱ्यांनी मोजलं तेव्हा त्याच्या फोरहँडची फिरकी मिनिटाला सरासरी ३,२०० फेऱ्यांच्या आसपास भरली. फेडररची २,७०० च्या घरात होती. सॅम्प्रास-आगासीच्या काळात २,००० सुद्धा होत नव्हत्या.

एवढ्या फिरकीचे फायदे दोन. जाळी मध्यभागी ९१.४ सेंटीमीटर उंच असते. सपाट मारणाऱ्याला तिच्या अगदी जवळून चेंडू काढावा लागतो. नदाल मीटरभर वरून काढायचा आणि तरी चेंडू बेसलाइनच्या आत पडायचा, म्हणजे चूक व्हायची शक्यताच कमी. दुसरा फायदा टप्पा पडल्यावरचा. चेंडू उसळून खांद्यावर यायचा, आणि एका हाताने बॅकहँड मारणाऱ्याला खांद्याच्या उंचीवर जोर लावताच येत नाही. २००८ च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात फेडरर ६-१, ६-३, ६-० असा हरला तो याच बॅकहँडच्या कोपऱ्यात अडकून.

मग याला हरवायचं कसं? स्वीडनच्या रॉबिन सोडरलिंगने २००९ च्या फ्रेंच ओपनमध्ये दाखवलं होतं. १९३ सेंटीमीटर उंचीच्या माणसाला खांद्यावरचा चेंडू कमरेवर मिळतो, तो त्याने सपाट आणि जिवाच्या आकांताने मारला. जोकोविचकडे दोन हातांचा बॅकहँड, तो टप्पा पडताच चेंडू उचलून रेषेलगत धाडायचा. फेडररला हे २०१७ मध्ये जमलं. मोठी रॅकेट हातात रुळली होती, तो बेसलाइन सोडून मागे जाईना, आणि त्या वर्षी त्याने नदालला चारही सामन्यांत हरवलं. उत्तर कागदावर सोपंच होतं. पाच सेट ते टिकवणं अवघड.

लाल मातीचा संबंधही पायाशी आहे. रोलाँ गारोसचं, म्हणजे फ्रेंच ओपन जिथे होते तिथलं, कोर्ट लाल दिसतं, पण विटांचा चुरा जेमतेम एक-दोन मिलिमीटर असतो. त्याखाली सहा-सात सेंटीमीटर पांढऱ्या चुनखडीचा थर, त्याखाली कोळशाची खंगर, खडी आणि मोठे दगड. पाय घसरतो तो वरच्या चुऱ्यावर. हार्ड कोर्टवर, म्हणजे कडक पक्क्या कोर्टवर, धावता धावता थांबायचं तर सगळा वेग घोट्या-गुडघ्यात जिरतो. मातीवर खेळाडू फटक्याच्या आधीच घसरायला लागतो, ब्रेक हळूहळू लागतो. नदालला मातीवर उसळी मिळायची हे सगळे सांगतात, सांधे कमी झिजायचे हे फारसं कोणी सांगत नाही. फ्रेंच ओपनमध्ये ११२ विजय, ४ पराभव, १४ विजेतेपदं. एकूण ९२ पैकी ६३ विजेतेपदं मातीवरची. उलट चार ग्रँड स्लॅमपैकी, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी, दोन हार्ड कोर्टवर, तरी त्याने तिथे सहा जिंकल्या. मला विचाराल तर हे सहा त्या चौदांपेक्षा अवघड होते.

हे सहा आले कुठून? बऱ्याच अंशी सर्व्हिसमधून, म्हणजे त्याची कच्ची बाजू म्हणून जी ओळखली जायची तिच्यातून. डावखुऱ्याला एक आयता फायदा असतो. ४०-३०, ३०-४० आणि दोन्हीकडचा ॲडव्हांटेज हे सगळे पॉइंट कोर्टच्या डाव्या बाजूने खेळले जातात, आणि त्या बाजूने डावखुऱ्याची बाहेर वळणारी सर्व्हिस उजव्या खेळाडूच्या बॅकहँडला कोर्टबाहेर ओढते. गंमत म्हणजे नदाल लिहितो उजव्या हाताने. सुरुवातीची काही वर्षं तो हीच एक सर्व्हिस फिरवून फिरवून करायचा. २०१० च्या यूएस ओपनला त्याने पकड किंचित बदलली, वेग ताशी २१७ किलोमीटरपर्यंत नेला आणि स्पर्धा जिंकली. तो वेग पुढच्या वर्षी दिसला नाही. २०१६ च्या अखेरीस कार्लोस मोया प्रशिक्षक म्हणून आला आणि हिशेब आणखी स्पष्ट झाला: पॉइंट छोटे करा. पहिली सर्व्हिस, त्यावर लगेच फोरहँड, संपलं. प्रत्येक वाचलेली रॅली म्हणजे गुडघ्यांची बचत. २०१९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला तो सर्व्हिसची नवी, आखूड हालचाल घेऊन आला आणि एकही सेट न गमावता अंतिम फेरीत पोचला. तिथे जोकोविचने त्याला तीन सेटमध्ये गुंडाळलं, ती गोष्ट वेगळी. पण तिशी ओलांडल्यावर सर्व्हिस मोडून पुन्हा बांधणाऱ्याला 'नुसता पळणारा' म्हणायचं? (पाण्याच्या बाटल्या रेषेत मांडायच्या त्याच्या सवयीवर जेवढं लिहिलं गेलं, त्याच्या निम्मं तरी या सर्व्हिसवर लिहायला हवं होतं.)

शेवटी दुखणं फिरून मूळ जागी आलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पायामुळे त्याने हंगाम थांबवला. २०२२ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात मेदवेदेवविरुद्ध दोन सेट मागे पडून ५ तास २४ मिनिटांत जिंकला. मार्चमध्ये बरगडीला चीर गेली. मे-जूनमध्ये फ्रेंच ओपनला प्रत्येक सामन्याआधी पायाच्या नसांवर भूल देणारी इंजेक्शनं घेतली. वेदना बंद, पण त्यासोबत पायाची जाणीवही बंद. बधिर पायाने घसरायचं म्हणजे घोटा कधी मुरगळला हेही उशिराच कळणार. अंतिम सामन्यात रूडविरुद्ध ६-३, ६-३, ६-०.

यावर काही फ्रेंच सायकलपटू चिडले. त्यांच्या खेळात गरजेशिवाय सुई टोचून घेण्यावरच बंदी आहे, टेनिसमध्ये नाही, आणि स्थानिक भूल प्रतिबंधित औषधांच्या यादीत येत नाही. नियम नदालने मोडला नाही. तरी त्यांचा मुद्दा मला पूर्ण खोडता येत नाही. शरीर थांब म्हणत असताना ती सूचना औषधाने बंद करायची, हे कौतुकाने सांगण्यासारखं नव्हे. स्वतः नदालनेही, असं करत खेळत राहायचं नाही, हे तिथेच सांगितलं आणि नंतर नसांवर रेडिओफ्रिक्वेन्सीचा उपचार घेतला. पुढे विम्बल्डनला पोटाचा स्नायू फाटला, २०२३ ला कंबरेजवळचा स्नायू गेला, शस्त्रक्रिया झाली. २००५ पासून सलग ९१२ आठवडे तो पहिल्या दहात होता. ती साखळी २०२३ च्या मार्चमध्ये तुटली.

१९ नोव्हेंबर २०२४ ला मालागात डेव्हिस कप या देशादेशांमधल्या स्पर्धेत तो बोटिक व्हान डे झान्डस्खुल्पकडून ६-४, ६-४ हरला, तो शेवटचा सामना. बंदिस्त हॉल, हार्ड कोर्ट, सगळ्यात प्रतिकूल जागा. मे २०२५ मध्ये रोलाँ गारोसने मुख्य कोर्टवर त्याच्या नावाची कायमची पट्टी बसवली. तिच्यावर १४ हा आकडा आहे आणि त्याच्या पावलाचा ठसा आहे.