११९ टक्के यील्ड? अभिनंदन, पाणी तोललंत!

अ‍ॅस्पिरिनच्या प्रॅक्टिकलचं जर्नल उघडावं तर यील्ड (हिशोबाने निघायला हवा त्याच्या किती टक्के माल हाती आला ते) ११९ टक्के आणि खाली कारण एकच: 'मानवी चूक'. अरे पण कुठली? कोणत्या पायरीवरची? यील्ड वाढवणारी की घटवणारी?

हिशोब सरळ आहे. सॅलिसिलिक अ‍ॅसिडपासून अ‍ॅस्पिरिन बनतं, तेव्हा २ ग्रॅम सॅलिसिलिक अ‍ॅसिड भागिले त्याचा रेणुभार १३८.१, गुणिले अ‍ॅस्पिरिनचा रेणुभार १८०.२, म्हणजे २.६१ ग्रॅम. ब्रह्मदेव आला तरी याहून जास्त अ‍ॅस्पिरिन निघणार नाही. तरी काट्यावर ३.१ दिसतंय ना? मग वरचा अर्धा ग्रॅम बहुतेक पाणी आहे, नाहीतर फिल्टर पेपर. ९ सेंटिमीटरचा साधा पेपरच अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतो. तो आधी कोरडा तोलून ठेवायला काय जातं? पण नाही! दोन कागदांत दाबलं, आकडा टिपला, पळाले. रात्रभर डेसिकेटरमध्ये (ओल शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, तोला, परत ठेवा, परत तोला. लागोपाठचे आकडे ०.०१ ग्रॅमच्या आत जुळले की मग टक्के काढा.

दुसऱ्या टोकाला ४५ टक्केवाले. फ्लास्क नळाखाली विसळला आणि ओलाच वापरला. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं अ‍ॅस्पिरिन करतं ते अ‍ॅसेटिक अनहायड्राइड; त्याच्या ५ मिलीचं पार अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड करून टाकायला जेमतेम १ मिली पाणी पुरतं! बूच सैल राहिलेल्या जुन्या बाटलीचीही तीच गत. वर न बदललेलं सॅलिसिलिक अ‍ॅसिड अ‍ॅस्पिरिनसोबत गाळणीत बसतं आणि मालात तोललं जातं. चिमूटभर नमुन्यावर फेरिक क्लोराइडचा थेंब टाका, जांभळं झालं की समजा, सॅलिसिलिक अ‍ॅसिड उरलंय. पण टाकतो कोण?

मग धुणं. साध्या पाण्यात १०० मिलीला साधारण ०.३ ग्रॅम अ‍ॅस्पिरिन विरघळतं. बर्फाचं पाणी ५-५ मिली दोनदा पुरे असताना वॉश बॉटलमधलं १०० मिली साधं पाणी ओतायचं आणि ११ टक्के माल सिंकमध्ये सोडायचा. (काही महाभाग अनहायड्राइडवरून हिशोब मांडतात. ते तर मुद्दाम जास्त घेतलेलं असतं! त्यावरून ९.५ ग्रॅम यायला हवं म्हणे, मग २.१ ग्रॅम आलं की यील्ड २२ टक्के.)

सगळ्यात डोकं फिरवतो तो देखणा ८० टक्क्यांचा आकडा. ०.३ ग्रॅम धुण्यात गेलं, ०.३ ग्रॅम पाणी मालात राहिलं, फिट्टंफाट! त्याला कोणी काही विचारत नाही, लगेच सही.