बँडचं नाव काय छापू?

माझ्या धंद्यात नाव स्क्वेअर फुटावर विकलं जातं. बेळगावात माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. गणपती तोंडावर आले की मंडळांचं मॅटर येऊ लागतं, आणि मंडळाच्या नावाइतकं बिनडोकेफोडीचं काम दुसरं नाही. ‘सार्वजनिक श्री गणेशोत्सव मंडळ’ टाइप करायचं, पुढे गल्लीचं नाव टाकायचं, संपलं. इथे १९०५ पासून सार्वजनिक गणपती बसतो, पण ह्या मॅटरमध्ये काही सुधारणा करावी असं कुणाला वाटलेलं नाही. ब्रास बँडवाल्यांचंही तसंच. एखादा देव नाहीतर देश, पुढे ‘बँड’. भावाभावांत वाटणी झाली की धाकटा आपल्या पाटीवर ‘न्यू’ लावतो आणि थोरला ‘ओरिजिनल’.

यंदा माझ्या भाच्यानं रॉक बँड काढला आणि माझी झोप गेली.

चौघं जण. गिटारवाला, बासवाला, ड्रमर आणि गाणारा आमचा भाचा. गाणी दोन बसली होती, नाव एकही बसलं नव्हतं. गल्लीच्या मंडळानं स्टेजवर अर्धा तास द्यायचं कबूल केलं, अट एकच: बॅनरसाठी नाव लवकर कळवा. पहिलं नाव व्हॉट्सअ‍ॅपवर आलं: ‘एग्झिस्टेन्शियल अ‍ॅस्फाल्ट’.

“अर्थ काय बे ह्याचा?”

“अर्थ नसतोय मामा. फील असतोय.”

फील छापायला माझी ना नाही, पण तो तीनदा छापावा लागतो. २०२४ पासून कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर साठ टक्के जागा कन्नडची, असा कायदा आहे. मंडळाचा बॅनर म्हणजे काही दुकान नव्हे; पण बेळगावात अक्षरांवरून वाद कोण ओढवून घेणार? मंडळवाले बॅनरही त्याच हिशेबानं करून घेतात. आधी कन्नडात मोठं, खाली मराठी, उरलेल्या पट्टीत इंग्रजी. कन्नड नुडी सॉफ्टवेअरमध्ये, मराठी श्रीलिपीत, आणि दोन्ही डिझाइनच्या कोरलमध्ये एकत्र आणली की एखादी वेलांटी हमखास गायब. आमच्या डिझायनर पोरीनं ते नाव वाचलं, माउस खाली ठेवला आणि म्हणाली, “अण्णा, मी जेवून येते.”

नावाची खरी परीक्षा मात्र निवेदकाकडे होते. आमच्या मंडळाचे निवेदक बसमध्ये कंडक्टर होते. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत अस्खलित, आवाज असा की माइक बंद पडला तरी कार्यक्रम बंद पडत नाही. मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि दणक्यात म्हणाले, “यानंतर आपल्यासमोर येत आहेत... असिस्टंट... असफल!”

पोरांचे चेहरे पडले. मला मात्र तेव्हाच कळलं की बँडच्या नावाला दुसरी कसोटी नाही.

मोठमोठ्यांची नावं कशी पडली ते मग मीच मोबाइलवर वाचत बसलो. लेड झेपेलिन घ्या. लेड म्हणजे शिसं, झेपेलिन म्हणजे फुग्यासारखं हवाई जहाज. १९६८ मध्ये हे लोक आधी ‘न्यू यार्डबर्ड्स’ म्हणून वाजवत होते. म्हणजे विलायतेतही वाटणी झाली की ‘न्यू’ लागतंच! मग ‘द हू’ बँडमधल्या कुणीतरी टोमणा मारला होता म्हणे, की हे शिशाच्या फुग्यासारखे खाली येतील. ह्यांनी तो टोमणाच उचलून पाटीवर लावला. वर लोक ‘लीड’ वाचतील म्हणून स्पेलिंगमधलं ‘ए’ काढून टाकलं. एक अक्षर कमी! असल्या गिऱ्हाइकाला माझ्याकडे कायमची सूट.

एसी/डीसी हा सिडनीतल्या दोन भावांचा बँड, १९७३ चा. नाव सापडलं बहिणीला, शिलाई मशीनवर लिहिलेलं. आमच्या शहापूर-वडगावात इतके माग खडखडतायत, पण मागावरचं काही वाचून भावाला बँडचं नाव सुचवणारी बहीण अजून निघायची आहे. पिंक फ्लॉइडच्या सिड बॅरेटनं पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल ह्या दोन अमेरिकन ब्लूजवाल्यांची पहिली नावं जोडली. हीच युक्ती इकडे केली तर सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व आणि हुबळीच्या गंगूबाई हनगल मिळून ‘कुमार गंगूबाई’ होईल, असं मी दुकानात नुसतं बोलून दाखवलं. समोर बसलेले तबल्याचे मास्तर अर्धा चहा टाकून उठले.

लिनर्ड स्किनर्डवाल्यांनी कहरच केला. लांब केसांवरून मागे लागणाऱ्या व्यायामाच्या मास्तरांचं नाव बँडला दिलं, तेही स्पेलिंगमध्ये जिथे जागा मिळेल तिथे ‘वाय’ कोंबून. ह्याचं प्रूफ गिऱ्हाइकाची सही घेतल्याशिवाय मी मशीनला लावणार नाही.

आता ह्यातलं एक तरी नाव विचार करकरून ठेवलेलं वाटतं का? पण ओरडायला सोपं आहे. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फारोख बुलसाराच्या शाळेतल्या बँडचं नाव होतं ‘द हेक्टिक्स’. पुढे लंडनला जाऊन तो फ्रेडी मर्क्युरी झाला आणि त्यानं बँडला ‘क्वीन’ म्हटलं. आमच्या निवेदकांना हेक्टिक्स देऊन बघा, आणि क्वीन देऊन बघा. मला आणखी काही सांगायला लागणार नाही.

हे सगळं पोरांना ऐकवलं. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सोपं, ओरडायला दणदणीत नाव घेऊन आले: ‘ब्लॅक नोव्हेंबर’.

मी आधी शटर अर्धं खाली ओढलं. ड्रमरचा वाढदिवस नोव्हेंबरात आणि चौघांचे टी-शर्ट काळे, एवढाच त्यामागचा विचार होता. म्हटलं, “बाळांनो, १ नोव्हेंबरला ह्या गावात एका रस्त्यानं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसरीकडे, बेळगाव महाराष्ट्रात नाही म्हणून, मराठी माणसं काळा दिन पाळतात. १९५६ पासूनचं भांडण आहे. हे नाव छापलं तर पहिल्या गाण्यालाच पोलीस येतील, आणि ते फर्माईश करायला येणार नाहीत.”

“पण मामा, ब्लॅक सॅबथ चालतंय की!”

“ते बर्मिंगहॅमला चालतंय.”

मग मी आपल्या मातीतलं काहीतरी घ्या म्हणून सुचवलं. कोचीच्या एका बँडचं नाव ‘तैक्कूडम ब्रिज’ आहे, नुसतं तिथल्या भागाचं नाव. केरळातलाच दुसरा ‘अवियल’, म्हणजे चक्क भाजी. आपल्याकडे काय कमी आहे? ‘थर्ड गेट’ ठेवा. टिळकवाडीतलं तिसरं रेल्वे गेट कुणाला माहीत नाही? छोटं नाव, तिन्ही लिप्यांत सारखंच वाचलं जातं, आणि गेट पडल्यावर जमायची ती गर्दी सगळ्यांच्या लक्षात. बासवाला त्याच बाजूला राहतो. तो म्हणाला, “आमच्या बाबांचं अर्धं आयुष्य तिथं थांबण्यात गेलंय, मी काय आता त्याचा टी-शर्ट घालू होय?” मग मी ‘कुंदा’ म्हटलं, आमच्या बेळगावची मिठाई. हेवी मेटलला कुंदा का चालू नये हे मला अजूनही पटलेलं नाही. ऐकताच आजूबाजूच्या दहा तालुक्यांतल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं. हे भाग्य किती बँडांना लाभलंय?

दरम्यान गिटारवाल्यानं लोगो आणला. नाव ठरलं नव्हतं, पण लोगो तयार. वाळलेल्या बाभळीच्या फांद्या कुंपणावर टाकाव्यात तशी अक्षरं, आणि त्यातल्या दोघांवर दोन-दोन टिंबं. टिंबं कशाला? म्हणे मोटरहेडवाले लावतात. उच्चार? म्हणे उच्चार नसतो, नुसतं दिसायला. आमचा कुठे एक अनुस्वार राहिला तर गिऱ्हाईक पैसे कापून घेतं, आणि इथे माणसं बिनउच्चाराची टिंबं हौसेनं विकत घेतात.

शेवटी मंडळाच्या अध्यक्षांनीच मॅटर पाठवलं, कारण त्यांना आयलेट मारून बॅनर संध्याकाळी हवा होता. वर बाप्पा, दोन्ही बाजूंना हात जोडलेले पुढारी, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, आणि फोटोंच्या वर उरलेल्या चार इंचांत: ‘आपल्याच गल्लीतील होतकरू तरुणांचा ऑर्केस्ट्रा’.

ऑर्केस्ट्रा! भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. ड्रमरनं तर वाजवणारच नाही म्हणून सांगितलं. वाजवलं सगळ्यांनी. निवेदकांनी ते नाव कन्नडात आणि मराठीत असं काही खणखणीत घेतलं की पहिल्या गाण्याआधीच शिट्ट्या पडल्या.

परवा खानापूरहून दुकानात फोन आला. बॅनरच्या कोपऱ्यात माझाच नंबर असतो. “तो होतकरू ऑर्केस्ट्रा आहे नव्हं, त्यांचा नंबर द्या की. घरात लग्न आहे.” मी भाच्याला कळवलं. पलीकडे बराच वेळ चौघांची कुजबुज चालली होती. मग त्यानं विचारलं, “मामा, हळदीला किती घेतात?”