खुलासा : ‘आईत दोष असला की सगळी मुलं आंधळी होतात’ हे खरं नाही

लेबर हेरेडिटरी ऑप्टिक न्यूरोपथी, म्हणजे एलएचओएन, या डोळ्याच्या नसेच्या आनुवंशिक आजाराबद्दल एक संदेश फिरतो आहे : आईच्या तंतुकणिकांत (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात) दोष असेल तर प्रत्येक मुलाची दृष्टी जाणार, आणि बाधित वडीलही तो मुलांना देतात.

दुसरा भाग साफ चुकीचा आहे. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईच्या बीजांडातून येतो. या आजारात वडील तो पुढे देत नाहीत. पहिला भाग अर्धवट आहे. दोष मुलांपर्यंत पोहोचतो, पण दोष असणं म्हणजे दृष्टी जाणं नव्हे. दोष असलेल्या अनेकांची, विशेषतः बहुसंख्य स्त्रियांची, दृष्टी आयुष्यभर शाबूत राहते.

बहुतेक रुग्णांत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत ११७७८, ३४६० किंवा १४४८४ या क्रमांकाच्या जागी बदल सापडतो. रक्ततपासणीत तो कळतो. बदलामुळे ऊर्जासाखळीतला पहिला दुवा, कॉम्प्लेक्स १, अडखळतो. दृष्टिपटलातल्या गँग्लियन पेशींचे (दृश्याचे संदेश मेंदूकडे नेणाऱ्या पेशींचे) तंतू डोळ्याबाहेर पडेपर्यंत मायलिनच्या आवरणाविना असतात, त्यांना ऊर्जा जास्त लागते. म्हणून फटका तिथेच बसतो. १४४८४ मध्ये नजर काही अंशी परतण्याची शक्यता सर्वांत चांगली, हे घाबरलेल्या कुटुंबांना कुणी सांगतच नाही.

दोष असलेल्यांनी धूम्रपान पूर्ण सोडावं, मद्य टाळावं. इथॅम्ब्युटॉल (क्षयरोगावरचं औषध) किंवा लिनेझोलिड (प्रतिजैविक) सुरू करण्याआधी डॉक्टरांना हा दोष सांगावा. औषध स्वतःहून बंद करू नये. एका डोळ्याची मधली नजर न दुखता धूसर झाली तर ताबडतोब नेत्रतज्ज्ञाकडे जा, दुसरा डोळा बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बाधित होतो.

जुना संदेश कृपया पुढे पाठवू नका. ज्या गटात टाकला असेल, तिथे हा खुलासा टाका.