कट् कुठे म्हणतंय?

पुण्यात सायकलला आवाज यायला लागला की तिचं निदान मेकॅनिकच्या आधी रस्ता करतो. फुकट, न विचारता आणि पूर्ण खात्रीने. गेल्या पावसाळ्यात माझी सायकल उजवा पाय खाली जाताना 'कट्' म्हणायला लागली, तेव्हा कर्वे रोडच्या सिग्नलला शेजारी थांबलेले स्कूटरवाले आजोबा म्हणाले, "चेन ढिली आहे." कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी तेल घालायला सांगितलं. सोसायटीच्या वॉचमनचं मत पडलं, की गियरवाल्या सायकली असतातच अशा. सासूबाईंना तर बेल वाजायच्या आधीच मी आल्याचं कळायला लागलं. कुकर लावायला ते सोयीचं होतं, त्यामुळे दुरुस्तीला घरातून फारसा पाठिंबा नव्हता.

रविवारी खडकवासल्याला जाणाऱ्या प्रत्येक ग्रुपात एक दादा असतात. त्यांना कुठल्याही सायकलचा कुठलाही आवाज ऐकवा, ते मागे वळूनही न बघता सांगतात, "बीबी गेला." बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट. दोन्ही क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, ज्या अॅक्सलला जोडलेले असतात तो अॅक्सल आणि त्याची बेअरिंग, फ्रेमच्या अगदी तळाशी. (त्या नावावरचे सगळे विनोद आमच्या ग्रुपात करून झालेत. पुढे चला.) दादांच्या सांगण्यावरून बीबी बदलून घेतला. काही दिवस शांतता होती. मग एकदा खडकवासल्याच्या चौपाटीवर कांदाभजी खाऊन परत निघालो, तर नांदेड फाटा यायच्या आत पुन्हा कट्. "नवापण गेला," दादा म्हणाले. "हल्लीचे टिकतच नाहीत."

परत दुकान. तिथल्या पोराने सायकल स्टँडवर टांगली, हाताने पेडल गरगर फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. "कुठाय?" आवाज नव्हताच. टांगलेल्या सायकलच्या क्रँकवर वजन नसतं, मग ती बोलेल कशाला? "बसून बघ," मी म्हटलं. तो गल्लीत चक्कर मारून आला. "मॅडम, माझ्याकडून तर येत नाही." पोरगं असेल नसेल पन्नास किलोचं. पुढचं वाक्य त्याने मनातच ठेवलं, पण मला ते ऐकू आलं.

शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांपर्यंत बातमी पोचली. काका पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून त्यांच्या हाती एकही धड केस आलेली नव्हती. एक लांब स्क्रू ड्रायव्हर आणि वही घेऊनच ते खाली उतरले.

"पेडल न मारता सोडून दिली तर येतो?"

"नाही."

"म्हणजे चाकाचं बेअरिंग सध्या बाजूला ठेवू. सीटवरून उठून मारली तर?"

"तरी येतो."

"मग सीट आणि सीटचा दांडाही बहुधा सुटले. आता एका पायाने मारून दाखव."

मी पार्किंगमध्ये एका पायाने सायकल चालवू लागले. डावा पाय हवेत, उजवा पेडलवर आणि मागून काका स्क्रू ड्रायव्हर घेऊन धावताहेत. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी खिडकीतून विचारलं, "अगंबाई, पायाला काय झालं?" काका ओरडले, "तिला नाही, सायकलला!" मग डाव्या पायाने. मग मला उतरवून पुढचा ब्रेक धरायला लावला आणि पेडलवर आमच्या ह्यांना उभं केलं. हे तोपर्यंत फक्त दूध आणायला खाली आले होते. काकांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक फ्रेमला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मुलं गोळा झाली. गणपतीच्या वर्गणीच्या मीटिंगलाही आमच्या सोसायटीत इतकी माणसं जमत नाहीत.

काकांचं म्हणणं असं होतं, की फ्रेम पोकळ असते, त्यामुळे आवाज होतो एकीकडे आणि ऐकू येतो भलतीकडे. पेडलचे आटे, चेनरिंगचे (पुढच्या दातेरी चकतीचे) बोल्ट, मागचं चाक आवळणारा क्विक रिलीजचा खटका, अगदी बाटलीच्या स्टँडचा स्क्रूसुद्धा तळातून कट् म्हटल्यासारखा ऐकू येतो. त्यांच्या तरुणपणी बरं होतं म्हणे. क्रँकला कॉटर असायचा, म्हणजे क्रँक अॅक्सलवर घट्ट धरणारी पाचर. तो ढिला झाला की हाच आवाज यायचा, मग कानशीने घासून नवा कॉटर ठोकायचा, की विषय संपला. बीबीत पाव इंची छर्रे असायचे, एका बाजूला अकरा. दिवाळीच्या आधी ओव्हरऑइलिंगला सायकल टाकली की छर्रे रॉकेलमध्ये धुऊन, ग्रीस भरून परत. हे सांगताना काकांचा आवाज असा ओला झाला, की काकू वरून चहाला हाक मारत होत्या ते त्यांना ऐकू आलं नाही. पेडलवर उभे असलेल्या आमच्या ह्यांना आलं.

पुढचे दिवस संशयितांना एकेक करून सोडण्यात गेले. ह्यांच्या सायकलचे पेडल माझ्या सायकलला लावले (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे ह्यांनी अर्धा तास विरुद्ध दिशेला जोर लावून शोधून काढलं), तरी कट्. चेनरिंगचे बोल्ट काढून, पुसून, ग्रीस लावून आवळले, तरी कट्. मग काकांनी चेन चेनरिंगवरून उतरवून ठेवली आणि मला नुसता क्रँक हळूच फिरवायला सांगितला. कानाला काही नाही, पण हाताला बारीक खरखर. मग क्रँक धरून आतबाहेर हलवला. हलला! प्ले आला होता, म्हणजे ढिलेपणा.

म्हणजे बीबी गेलाच होता. दादा बरोबर निघाले, हा या सगळ्या प्रकरणातला सर्वात मोठा मनस्ताप.

पण काका तेवढ्यावर थांबणारे नव्हते. झिजलेलं बेअरिंग खरखरतं, डुगडुगतं. वजन पडल्यावर नेमकं कट् म्हणायचं काम कोरड्या लोखंडावर कोरडं लोखंड सरकल्याचं. "तो गेला हे कळलं. का गेला?" एवढं म्हणून ते माझ्याबरोबर पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे आले.

मिस्त्रींनी पाना उजव्या कपला, म्हणजे बेअरिंग धरणाऱ्या आट्यांच्या वाटीला, लावला आणि घड्याळाच्या दिशेने फिरवला. "उलटे आटे," काकांनी मला समजावलं. "इंग्लिश मापात उजवी बाजू उलटी. इटालियन फ्रेम असती तर दोन्ही सरळ." "आणि मग उजवा कप आपोआप सुटत राहतो," मिस्त्री म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यानंतर मी तिथे नसते तरी चाललं असतं. काकांनी सैल मुठीत पेन्सिल धरून, तिचं टोक गोल फिरवून, पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेला कशी वळते ते दाखवलं. बेअरिंगचं लोळणं कपला तसंच उलटं ढकलतं म्हणे. मिस्त्रींनी दुसरी पेन्सिल काढली.

कप सुटला आणि आतून पळीभर तांबडं पाणी सांडलं. सीटच्या दांड्याच्या फटीतून पाऊस आत शिरतो, नळीतून उतरतो आणि सगळ्यात खालच्या खोलीत, म्हणजे बीबीच्या घरात मुक्काम करतो. तळाला निचऱ्याचं भोक होतं, पण रंगाने बुजलेलं. आटे खडखडीत कोरडे, ग्रीसचा थेंब नाही. आणि कप ज्या कडेला टेकतो तिथे रंगाचा जाड ओघळ, एका बाजूलाच. कप सरळ टेकणार कसा? दोन बाजूंची बेअरिंग एका रेषेत नाहीत, म्हणजे रोज तिरका भार. पहिला त्यात गेला, दुसराही त्यातच गेला आणि दादांच्या सल्ल्याने तिसरा, चौथाही गेला असता. दोन्ही वेळा बसवणाऱ्याने कडेकडे बघितलं नव्हतं. "बघत कोण बसतं?" मिस्त्री म्हणाले. त्यांनी फेसिंगचं हत्यार काढून कड तासली, आटे साफ केले, भोक उघडलं, हात न राखता ग्रीस लावलं. कप किती आवळायचे यावर मात्र मतभेद झाला. काकांनी टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजणारा पाना, आणला होता आणि त्यांना बॉक्सवर लिहिलेला 40 न्यूटन मीटरच्या आसपासचा आकडाच हवा होता. मिस्त्रींचा मनगटावर विश्वास होता. आधी मनगटाने आवळलं, मग रेंचने तपासलं. बरोबर भरलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

आवाज गेला. सासूबाईंचा कुकर आता उशिरा लागतो. दादांना मी सगळं सविस्तर सांगितलं, तर ते म्हणाले, "मी म्हटलंच होतं, बीबी गेला."

जुना बीबी काकांनी मागून घेतला. करवतीने कापून गंजके छर्रे जॅमच्या बाटलीत भरलेत आणि चहाला आलेल्या कुणालाही ते दाखवतात. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सायकली घेऊन रांग लागते. काल आमच्याकडे चटणी वाटायचा आवाज ऐकून ते आपणहून वर आले, मिक्सर चालू ठेवायला सांगितला, स्क्रू ड्रायव्हर लावला आणि डोळे मिटले.

"भांड्याचा बुश गेलाय," म्हणाले. "का गेला ते बघू."